पाच वर्षांनी फळीवर काय दिसेल?

(मडगावात लघुउद्योजकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, विषय जरा भारदस्त दिलाय: 'उत्पादनाचं दीर्घकालीन व्हिजन कसं लिहावं'. दिलेल्या वेळातला बराचसा समई आणि सत्कारातच गेला. तेव्हा आधी माझं एक जुनं दुखणं सांगतो आणि जमलं तर विषयाकडे वळतो.

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी एका कंपनीत होतो. नाव सांगत नाही, त्यांच्यातले दोघेतिघे इथं मागच्या रांगेत बसलेत असा मला संशय आहे. काम काय, तर फार्मसीसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर. महाराष्ट्रातून आलेल्यांसाठी सांगतो, तुमचं मेडिकल ती आमची फार्मसी. एक दिवस साहेबांच्या मनानं घेतलं की कंपनीला व्हिजन हवं. झालं! कोलव्याच्या हॉटेलात शिबिर, बाहेरून आणलेला सल्लागार, भिंतभर पिवळ्या चिठ्ठ्या. जेवणात किंगफिश होता, तेवढं मात्र खरं. 'आघाडीची' म्हणायचं की 'सर्वांत आघाडीची', यावर निम्मी दुपार गेली. गोव्यात आघाडी म्हटली की ती टिकणार किती दिवस, हाच प्रश्न आधी येतो, पण ते बोलायची सोय नव्हती. शेवटी वाक्य निघालं: 'तंत्रज्ञानाद्वारे आरोग्यसेवेचा कायापालट करणारी आघाडीची संस्था बनणे.' रिसेप्शनमागं पितळी अक्षरांत लागलंसुद्धा.

पुढं काय झालं? विक्रीवाला म्हणाला, ग्राहकांना कूपनं देऊ. दुसरा म्हणाला, डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटी घेऊ. तिसऱ्यानं योगाचे व्हिडिओ आणले. तिघांनीही त्या पितळी वाक्याकडे बोट दाखवलं आणि तिघांचंही बरोबर होतं. कायापालटात काय बसत नाही हो? तिन्ही कामं सुरू झाली, धड एकही संपलं नाही.

त्या काळात मी म्हापशाच्या बाजारातल्या एका फार्मसीत जाऊन बसायचो. मालकाला विचारलं, काय हवं? म्हणाला, "बिल बेगीन जाय." म्हणजे लवकर हवं. सगळे हेच सांगतात. मग विचारणं सोडलं आणि त्याच्या हातांकडे बघत बसलो. कुणी चारच गोळ्या मागितल्या की तो स्ट्रिप उलटी करायचा, बॅच नंबर आणि एक्सपायरी छापलेलं टोक शोधायचा आणि कात्री दुसऱ्या टोकाला लावायचा. तारीख त्याच्याकडे राहिली पाहिजे, नाहीतर उरलेल्या गोळ्या कधीपर्यंत विकायच्या ते कळणार कसं? आणि काउंटरखाली एक खोका, मुदत संपलेल्या मालानं भरलेला. वितरक माल परत घेतो, पण ठरलेल्या मुदतीत पाठवला तर. ती हुकली की नुकसान दुकानदाराच्या माथी. बिल दोन सेकंद लवकर निघून त्या खोक्याचं काय होणार होतं?

मी साहेबांना लिहून दिलं: 'पाच वर्षांनी आमच्या कुठल्याही ग्राहकाच्या फळीवर मुदत संपलेली एकही स्ट्रिप सापडणार नाही.' साहेब म्हणाले, "फारच लहान वाटतं रे." लहान? मालाची खरेदी नोंदवतानाच बॅच आणि तारीख आपोआप चढली पाहिजे, कारण काउंटरवरचा पोरगा गर्दीत ती टाइप करणार नाही. म्हणजे वितरकांची बिलं थेट वाचता आली पाहिजेत. मुदत जवळ आली की परतीचा कागद आपसूक तयार व्हायला हवा. योगाचे व्हिडिओ बाद. हे सांगायला मी तिथं हजर असायची गरज नाही, कालच रुजू झालेली टेस्टिंगमधली मुलगीसुद्धा ठरवू शकते. पितळी वाक्य मात्र मी सोडेपर्यंत भिंतीवरच होतं.

अॅमेझॉननं २००७ साली किंडल हे पडद्यावर पुस्तकं वाचायचं यंत्र आणलं. त्यामागचं स्वप्न असं: आजवर छापलेलं कुठल्याही भाषेतलं कुठलंही पुस्तक ६० सेकंदांच्या आत हातात. आता ६० सेकंद म्हटल्यावर आधी कॉम्प्युटर लावा, मग केबल जोडा, हे चालेल का? म्हणून पहिल्याच किंडलमध्ये मोबाइल नेटवर्क घातलं आणि त्याचं मासिक बिल ग्राहकाला लावलं नाही. एका आकड्यानं यंत्राच्या पोटात काय असावं ते ठरवलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, जो विषय छापलाय तो आता उरकतो.

वाक्यात एक माणूस असू द्या, एक जागा असू द्या आणि तिथं जाऊन डोळ्यांनी तपासता येईल अशी एक गोष्ट. मुदत एवढी लांबची की आजच्या साधनांनी ते जमू नये, पण एवढी लांब नको की तुम्ही निवृत्त झालेले असाल. काय करणार नाही तेही खाली लिहा.

आणि तिथवर पोचायचा रस्ता त्यात कोंबू नका. कोकण रेल्वे बघा. १९९० साली काम सुरू झालं. गोव्यात मार्ग कुठून न्यावा यावरून आंदोलनं झाली, काम अडलं. पेडण्याच्या बोगद्यात भुसभुशीत मातीनं जीव काढला. जानेवारी १९९८ मध्ये अख्खा मार्ग खुला झाला. वेळापत्रक हललं, रोहा ते मंगळूर हे हललं नाही. पुढच्याच वर्षी भरलेले ट्रक रेल्वेवर चढवून न्यायची रो-रो सेवा आली. रूळ टाकायला घेतले तेव्हा ती कुणी वाक्यात लिहिली असती, तर साहेबांनी तिच्यावरही शिबिर घेतलं असतं.

दुसरी चिठ्ठी आली. प्रश्न चहाला विचारा. मागच्या रांगेतल्यांनी आधी विचारले तरी चालतील.