नव्वदावरचे पाच टक्के

मंडळी, हॉल पावणेआठला सोडायचा आहे, तेव्हा थेट फळ्याकडं वळतो. ऑनलाइन गेममध्ये मार झेलणारा टँक, जखमा भरणारा हीलर आणि मारा करणारा डीपीएस, ही वाटणी इथं कुणाला समजावून सांगायला नको. जवळून लढणारा वॉरियर आणि लांबून मारणारा जादूगार मेज यांचा तोल कसा साधायचा, हे आज बोलायचं कबूल केलंय. पण त्याआधी टक्क्यांचा घोळ निस्तरू. तो राहिला तर पुढचं सगळं फुकट.

पॅच, म्हणजे गेममधली नवी दुरुस्ती, येतो, वॉरियरचं डॅमेज रिडक्शन, म्हणजे फटक्यातली कपात, ५ टक्क्यांनी वाढतं, आणि लोक म्हणतात, पाचच तर आहेत. अहो, पण कुठून कुठं? १०० चा फटका धरा. शून्यावरून ५ वर गेलात तर ९५ लागतात. टिकाव सव्वापाच टक्क्यांनी वाढला. ९० वरून ९५ वर गेलात तर आधी १० लागत होते, आता ५. गडी दुप्पट वेळ उभा राहणार! कुंदा करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. १० लिटर दुधातलं पहिलं अर्धा लिटर आटलं तर कढईत काही कळत नाही. शेवटच्या लिटरातलं अर्धं आटलं की उलथणं जड होतं. तरी पॅचच्या यादीत दोन्हीकडं नुसतं ‘५ टक्के’ लिहितात, याचा मला खरंच राग येतो.

म्हणून खरा आकडा काढा: हेल्थ भागिले अंगावर येणारा वाटा. वॉरियरची हेल्थ १०,०००, रिडक्शन ६० टक्के. म्हणजे टिकाव २५,०००. मेजची ६,०००, रिडक्शन २०, टिकाव ७,५००.

आर्मरचं, म्हणजे चिलखताचंही तसंच. २००४ साली आलेल्या वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टमध्ये रिडक्शन म्हणजे आर्मर भागिले, आर्मर अधिक एक ठरावीक आकडा. तो आकडा ३,००० धरला तर ३,००० आर्मरला ५० टक्के, ६,००० ला ६७, ९,००० ला ७५. टक्के मंदावलेले दिसतात म्हणून पोरं आर्मर सोडून देतात. टिकाव मात्र दुप्पट, तिप्पट, चौपट असा सरळ चढत असतो.

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. मुद्द्यावर येतो.

मेजचं डीपीएस, म्हणजे सेकंदाचा मारा, १,००० आणि वॉरियरचं ३००. टिकाव गुणिले डीपीएस केलं तर दोघांचे ७५ लाख, म्हणजे समोरासमोर दोघंही २५व्या सेकंदाला पडतात. पण मेज २८ मीटरवरून मारतो. ७ मीटरच्या वेगानं धावणाऱ्या वॉरियरचे ४ सेकंद रस्त्यातच जातात. तो पडतो तेव्हा मेजकडं ९६० हेल्थ शिल्लक असते. म्हणून वॉरियरला चार्ज, म्हणजे एका झेपेत अंतर कापायची चाल, द्यावी लागते. नुसती हेल्थ वाढवून ही चूक झाकली, तर तोच वॉरियर जवळच्या लढाईत डोईजड होतो.

आता टीममध्ये हीलर आणा, सेकंदाला ४०० भरणारा. मेजच्या १,००० मधले वॉरियरला ४०० च लागतात, त्यामुळं तो मरतच नाही. त्याच माऱ्याखाली दुसऱ्या मेजला ८०० लागतात. हीलर असूनही तो १५ सेकंदांत संपतो. इथं डीपीएस वाढवू नका, एकेकट्याच्या लढतीतला तोल जाईल. हीलिंग कापा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टच्या सुरुवातीच्या काळात वॉरियरचा मॉर्टल स्ट्राइक हा फटका ते निम्म्यावर आणायचा. ४०० चे २०० झाले की हाच वॉरियर ५० सेकंदांत पडतो. फक्त दोघांनी लावलेली कपात एकावर एक चढू देऊ नका, नाहीतर हीलर घेण्यात अर्थच उरत नाही.

दिवे लावा, प्रश्न घेऊ.