ध्यास लागतो, तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. परवा रत्नागिरीत एका कार्यक्रमाची निमंत्रणपत्रिका हाती आली. तीत दुपारच्या सत्राला ‘चिंतन, मनन आणि निदिध्यास’ असे नाव दिले होते. हे तिन्ही शब्द आपण एका दमात उच्चारतो, जणू एकच गोष्ट तीनदा सांगतो आहोत. त्यांतला शेवटचा शब्द मात्र बाकीच्या दोहोंपेक्षा फार निराळा आहे आणि आज मला त्याविषयीच बोलायचे आहे.

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य घर सोडून निघताना मैत्रेयीला सांगतात : ‘आत्मा वा अरे द्रष्टव्यः श्रोतव्यो मन्तव्यो निदिध्यासितव्यः’. आत्मा पाहावा आणि त्यासाठी आधी ऐकावे, मग मनन करावे, मग निदिध्यास धरावा, असा हा क्रम परंपरेने लावला आहे.

मननासाठी आपल्या बोलीत ‘मनात घोळवणे’ असा नेमका प्रयोग आहे. माझी आजी पडवीत उजेडाकडे तोंड करून सूप घेऊन बसत असे. पाखडून कोंडा उडाला, की ती सूप किंचित तिरके धरून तांदूळ घोळायची. हळूहळू कणी एका कडेला आणि अख्खा दाणा दुसऱ्या कडेला होई, मध्येच खडा दिसला की हात थांबे, तो वेचून अंगणात टाकला की सूप पुन्हा हलू लागे. वेदान्तात मननाचे काम हेच सांगितले आहे. ऐकलेले खरे कसे असेल, या शंकेला तिथे ‘असंभावना’ म्हणतात, आणि ती मननाने फिटते.

पण शंका फिटली म्हणजे काम संपले असे होत नाही. एखादी गोष्ट पुरती पटलेली असते, तरी वागताना जुनीच समजूत पुढे येते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. त्या उलट्या समजुतीला ‘विपरीत भावना’ असे नाव आहे, आणि निदिध्यास हवा तो ती घालवण्यासाठी. या शब्दाची घडण लक्षात घेण्याजोगी आहे. पिण्याची इच्छा ती पिपासा, जाणण्याची इच्छा ती जिज्ञासा. त्याच रीतीने ‘ध्यै’ या धातूच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द झाला आहे, म्हणजे ध्यानाची तहान त्याच्या व्याकरणातच आहे.

दासबोधात हाच शब्द ‘निजध्यास’ असा येतो. मला हे रूप अधिक आवडते, कारण त्यात ‘निज’, म्हणजे आपला स्वतःचा, हा अर्थ कानाला ऐकू येतो. रोजच्या मराठीत ‘ध्यास’ आहे आणि त्याच्या क्रियापदाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. चिंतन आपण करतो, मननही करतो. ध्यास मात्र लागतो, जशी भूक लागते, तहान लागते. (चिंतनाच्याच धातूची चिंताही लागते, हे जाता जाता सांगतो.) म्हणून ‘या विषयावर निदिध्यास करू या’ असे कोणी म्हटले की मला ते खटकते. ठरवून, वेळ नेमून करता येते ते मनन.

लोकमान्य टिळकांचा जन्म १८५६ साली याच रत्नागिरीतला. १८७२ साली वडील अखेरच्या दुखण्यात असताना त्यांना गीतेवरील मराठी टीका वाचून दाखवण्याचे काम आपल्याकडे आले, आणि गीतेशी आपला पहिला परिचय तेव्हा झाला, असे त्यांनी गीतारहस्याच्या प्रस्तावनेत लिहिले आहे. गीता ज्ञानानंतर कर्म सोडायला सांगते की करायला, हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला तो राहिलाच. मधल्या काळात वर्तमानपत्रे, खटले, तुरुंगवास, सगळे झाले. १९१०-११ च्या हिवाळ्यात, मंडालेच्या तुरुंगात, ते शिसपेन्सिलीने त्याचे उत्तर लिहायला बसले, तेव्हा त्या वाचनाला अडतीस वर्षे झाली होती.