करंट बाहेर पडतो तिथेच भोक पडतं

हा पाईप नीट बघा. कोटिंग जवळपास नव्यासारखं, आणि मधेच हे एक भोक, मटारच्या दाण्याएवढं, कडा स्वच्छ, आजूबाजूला तांबूस गंजाचा थर पण फारसा नाही. नुसत्या ओल्या मातीने खाल्लेला पाईप बहुतेक वेळा असा दिसत नाही. हे काम करंटचं आहे, आणि तो करंट या पाईपचा नव्हताच.

तो आला शेजारच्या रुळांमधून. डीसीवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या करंटवर, चालणारी ट्राम किंवा मेट्रो वरच्या तारेतून नाहीतर थर्ड रेलमधून करंट घेते, कधी हजारो अँपिअर, आणि तो सबस्टेशनला परत जातो रुळांवाटे. रुळांखाली इन्सुलेशन असतं, पण ते जुनं होतं, चिखल साचतो, पाणी तुंबतं, मग थोडा करंट मातीत उतरतो आणि जवळ लोखंडी पाईपलाईन असली की तिच्यात शिरतो कारण मातीपेक्षा ती वाट कितीतरी सोपी, मग तिच्यातूनच लांबवर जातो आणि सबस्टेशन जवळ आलं की पाईप सोडून परत रुळाकडे.

शिरतो तिथे लोखंड शाबूत राहतं. खाल्लं जातं ते बाहेर पडतो तिथे. धातूत इलेक्ट्रॉन धावतात पण मातीतल्या ओलाव्यात करंट वाहतात ते आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, त्यामुळे करंट लोखंडातून मातीत उतरताना लोखंडाचे अणूच आयन होऊन विरघळत जातात. फॅरेडेच्या नियमाने हिशोब केला तर १ अँपिअर वर्षभर असा बाहेर पडला की साधारण ९ किलो लोखंड गेलं. शिसं असेल तर जवळपास ३४ किलो.

एवढ्या लांब लाईनला ९ किलो म्हणजे काहीच नाही असं वाटतं ना? पण ते सगळ्या पाईपवर पसरून जात नाही. कोटिंग चांगलं असेल तर करंटला बाहेर पडायला फक्त तिथलीच जागा मिळते जिथे ओरखडा पडलाय. समजा १ चौरस सेंटिमीटरचा ओरखडा आणि त्यातून फक्त १ मिलिअँपिअर, तरी वर्षाला साडेअकरा मिलिमीटर लोखंड जातं, म्हणजे ८ मिलिमीटरची भिंत आठ-नऊ महिन्यांत आरपार! म्हणून नुसतं चांगलं कोटिंग केलं की झालं, असं म्हणणं मला धोक्याचं वाटतं.

हे काही नवीन नाही. १८८८ मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडला विजेच्या ट्राम सुरू झाल्या, मग शहराशहरात पसरल्या, आणि पाण्या-गॅसचे पाईप आणि टेलिफोन केबलची शिशाची आवरणं खराब व्हायला लागली.

आता हाय टेन्शन लाईनचं. तिच्याशी समांतर पाईपमध्ये एसी व्होल्टेज तयार होतं, आणि बरीच वर्षं समजूत होती की एसी मागेपुढे होतो म्हणून त्याने काही होत नाही. ती चुकीची ठरली, बारीक ओरखड्यावर एसीही भोक पाडतो.

उपाय आहेत. रुळांचे जोड चांगले ठेवायचे, सबस्टेशन जवळजवळ घ्यायची, म्हणजे मुळात गळतीच कमी. पाईप आणि रूळ यांच्यामध्ये डायोड लावलेली केबल टाकायची, म्हणजे करंट मातीतून न जाता तारेतून परत जातो आणि लोखंड वाचतं, डायोडमुळे तो उलटा पाईपमध्ये येत नाही. शिवाय कॅथोडिक प्रोटेक्शन, म्हणजे लोखंड विरघळू नये म्हणून पाईपमध्ये मुद्दाम उलटा करंट शिरवायचा, तिथे पाईपचं व्होल्टेज सहसा मातीवर ठेवलेल्या कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे ठेवतात.

पण आधी मोजायला लागतं, आणि एकदा दुपारी जाऊन मीटर लावला असं करून चालत नाही. टेस्ट पोस्टवर, म्हणजे पाईपला जोडलेली तार जमिनीवर आणलेल्या खांबावर, पाईप आणि मातीमधलं व्होल्टेज सतत नोंदवणारा लॉगर किमान चोवीस तास ठेवायचा. हा बघा ग्राफ, दिवसभर रेघ वरखाली उड्या मारतेय, शेवटची गाडी गेली की शांत, पहाटे पहिली गाडी सुटली की परत सुरू. ज्या पोस्टवर ही रेघ गाडीबरोबर पॉझिटिव्हकडे सरकते, तिथे आधी खोदून बघायचं.