खंडेराव गेला ना घरी, बाबा?

मंडळी, नमस्कार.

अध्यक्षांनी 'मराठी कादंबरी' असा भारदस्त विषय दिलाय. मी बोलणार आहे आमच्या घरातल्या भांडणाबद्दल.

दिवाळीत आम्ही भारतात होतो, ठाण्याला, नौपाड्यात ताईकडे. फराळाची ताटं आली आणि विषय निघाला कादंबरीकार भालचंद्र नेमाड्यांचा. मग चकलीकडे कोण बघतो!

अप्पाकाकांचं म्हणणं, 1963 ची 'कोसला' तेवढी खरी, पुढे नुसतं चऱ्हाट. ताई उसळली. तिचा जन्म कॉलेजात शिकवण्यात गेला. 'बिढार'पासून 'झूल'पर्यंत चांगदेव पाटील या कॉलेजातून त्या कॉलेजात फिरतो, तो म्हणे तिच्या स्टाफरूमचा पंचनामाच आहे. भाची म्हणाली, यांच्या पुस्तकांत पुरुष बोलतात फार आणि बायका राबतात. तरी 'कोसला'त नायकाची धाकटी बहीण मनू जाते तिथे तिला पुस्तक दोनदा मिटावं लागलं होतं. भावजींचं एकच पालुपद: नेमाड्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवायची आणि इंग्रजी शाळांवर तुटून पडायचं, हे कसं काय?

मीही तावातावाने त्यांच्या 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ'वर बोललो. काका शांतपणे उठले आणि कपाटातून माझीच प्रत घेऊन आले. बावन्नाव्या पानात विमानाचा बोर्डिंग पास, 2011 चा. पुढची पानं कोरी करकरीत. हसू नका. तुमच्या दिवाणखान्यांतल्या प्रतीही मी चाळल्या आहेत.

माझी लेक चौदाची. मराठी बोलते, वाचताना जोडाक्षराला अडते. तिने आत्याला 'हिंदू'ची गोष्ट विचारली. आत्याने भांडी विसळता विसळता सांगितली: खंडेराव मोहेंजोदडोला उत्खननावर असतो, वडील अत्यवस्थ असल्याचं कळतं, तो मोरगावला निघतो. लेक माझ्याकडे वळली. "बाबा, आजोबांच्या वेळी तू गेला होतास?"

गेलो होतो. तेराव्याला.

नेमाडेही लंडनला शिकवायला गेले होते आणि परत आले. 2014 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं तेव्हा आपल्या ग्रुपवर पेढ्यांच्या चित्रांचा पाऊस पडला, जणू दोन-चार प्रकरणं आपणच लिहून दिली होती. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून चालू आहे. आपल्या मंडळाचं एकच कपाट, त्याची किल्ली गेल्या गणपतीपासून सापडत नाही. सेक्रेटरी, तुमच्याकडे बघून बोलत नाहीये.

तर परत आल्यापासून मी लेकीला 'हिंदू' वाचून दाखवतो, रोज दोन पानं. मुखपृष्ठावरच अडलो. "अडगळ म्हणजे?" मी गॅरेजमधले खोके दाखवले. "म्हणजे तुझी पुस्तकं?"

काही शब्द मलाही येत नाहीत, खानदेशी तर नाहीतच. रात्री ताईला फोन लावतो, ती हसते आणि सांगते. कालपर्यंत बावन्नच्या पुढे आलोय. काल वाचता वाचता लेकीने मधेच विचारलं, "तेराव्यालाच का रे?"

मी पान उलटलं.