लेबनॉन: पंथांच्या नोंदवहीतले राज्य

लेबनॉनमध्ये मतदाराचे नाव तो राहतो तिथे नसते, ते त्याच्या मूळ गावच्या नोंदवहीत असते. सगळा जन्म बैरूतमध्ये गेला तरी मत द्यायला गावी जावे लागते. लग्न झाले की बाईची नोंद नवऱ्याच्या गावी सरकते. याच नोंदीत पंथ लिहिलेला असतो. धर्म आणि राजकारण यांची गाठ शोधायची असेल तर आधी ही वही उघडावी.

शेवटची शिरगणती झाली १९३२ मध्ये, फ्रेंच अमलात. तीत ख्रिस्ती निम्म्याहून थोडे जास्त भरले. १९४३ च्या अलिखित समझोत्यातून राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा सभापती शिया ही रीत पडली. संसदेत ख्रिस्ती-मुस्लिम प्रमाण ६:५ होते. १९६० नंतर ९९ जागांपैकी ५४ आणि ४५. वस्ती बदलत गेली, पण पुन्हा मोजणी कोणी केली नाही, कारण नवा आकडा आला की जुनी वाटणी कोसळणार. १९७५ मध्ये यादवी पेटली. ती थांबवण्यासाठी झालेल्या १९८९ च्या ताइफ कराराने प्रमाण समसमान केले. आज १२८ जागांत मॅरोनाइट ३४, सुन्नी २७, शिया २७, मुस्लिम बाजूला धरले जाणारे द्रुझ ८ आणि अलवी २, बाकी इतर ख्रिस्ती गटांच्या, अशी ११ गटांत वाटणी आहे.

हे विभक्त मतदारसंघ नव्हेत, हा फरक आपल्याला चटकन कळावा. आपल्या राखीव जागेसारखेच तिथे जागा एका पंथाची, मतदार सगळ्या पंथांचे. २०१७ च्या कायद्याने १५ मतदारसंघ केले. मतदार उमेदवारांची एक यादी निवडतो आणि तिच्यातल्या एकाला पसंतीचे मत देतो. आधी मतांच्या प्रमाणात याद्यांना जागा मिळतात. मग सगळ्या याद्यांचे उमेदवार पसंतीच्या टक्केवारीने एका उतरंडीत लावतात आणि वरून खाली जागा भरत येतात. त्या पंथाची जागा भरली किंवा यादीचा कोटा संपला, की उमेदवार गळतो. गोची होते ती इथेच. भरपूर मते घेतलेला बाहेर राहतो आणि शेवटी उरलेल्या जागेवर अगदी थोड्या मतांचा माणूस निवडून येतो, कारण त्या पंथाचा, त्या यादीतला तेवढाच शिल्लक असतो. लोकांना हा निकाल अन्याय वाटतो, आणि माझ्या मते ते बरोबर आहेत.

१९२६ च्या राज्यघटनेच्या कलम ९५ मध्ये पंथवार वाटणी 'तात्पुरती' म्हटली होती. ताइफनंतर ती मोडण्यासाठी राष्ट्रीय समिती नेमायचे त्याच कलमात आले. समिती नेमली गेली नाही.

विवाह, घटस्फोट हे विषय पंथांच्या न्यायालयांकडे, त्यांचे १५ कायदे. देशात नागरी विवाहाचा कायदा नाही. म्हणून जोडपी सायप्रसला जाऊन लग्न लावतात आणि परत आल्यावर सरकार ते मुकाट्याने नोंदवते. २००९ मध्ये गृहखात्याने नोंदीतून पंथ काढून टाकण्याची मुभा दिली. ती घेऊन एका जोडप्याने देशातच नागरी विवाह केला. आधार घेतला १९३६ च्या फ्रेंच हुकुमाचा: कोणत्याही पंथात नसलेल्यांना नागरी कायदा लागू. २०१३ मध्ये तो विवाह नोंदवला गेला. मात्र नंतर तीच वाट धरलेल्या जोडप्यांच्या नोंदी गृहखात्यात अडकून पडल्या.