फिनट्रोल: गायक बदलले, ट्रोल तेच राहिले

नमस्कार. फिनलंडच्या एक्स्ट्रीम मेटलमध्ये, म्हणजे हेवी मेटल रॉकच्या अतिउग्र प्रकारांत, लोकसंगीत मिसळणारे अनेक बँड आहेत. त्यांपैकी सर्वांत खोडकर, आणि माझ्या मते सर्वांत कमी समजून घेतला गेलेला बँड म्हणजे फिनट्रोल.

१९९७ साली हेलसिंकीत गिटारवादक तेमु राइमोरांता, म्हणजेच ‘सोम्नियम’, आणि पहिले गायक यान ‘काटला’ येम्सेन यांनी तो सुरू केला. ब्लॅक मेटल या मेटलच्या काळोख्या उपप्रकारातील करकरीत गिटारींना त्यांनी हुम्पाची जोड दिली. हुम्पा हा फिनलंडच्या नृत्यगृहांत अकॉर्डियनवर रंगणारा, जलद दुमात्री तालाचा नाचप्रकार. त्या ठेक्यावर घशातून काढलेली गुरगुर ऐकताना आधी हसू येते. मात्र कीबोर्डवादक हेन्री सोरवाली, ऊर्फ ‘ट्रोलहॉर्न’, यांच्या सुरावटींकडे लक्ष गेले की हा निव्वळ विनोद नाही हे पटते.

गीते स्वीडिशमध्ये आहेत, कारण काटला हे फिनलंडमधील सुमारे ५ टक्के स्वीडिशभाषकांपैकी होते. विषय बहुधा एकच: जंगलातले ट्रोल (उत्तर युरोपीय लोककथांतले राक्षसी जीव) आणि त्यांच्या भूमीत शिरणारे ख्रिस्ती धर्मोपदेशक यांचे वैर.

१९९९ आणि २००१ च्या आल्बमांनी नाव झाले, आणि २००३ मध्ये एकापाठोपाठ दोन आघात झाले. सोम्नियम हेलसिंकीतील एका पुलावरून पडून मरण पावले, तर स्वरयंत्रातील गाठीमुळे काटलांना गाणे सोडावे लागले. त्याच वर्षी आलेला ‘विसोर ऑम स्लूटेत’ हा बहुतांशी अकूस्टिक (विजेच्या गिटारींविना वाजवलेला) आल्बम म्हणूनच वेगळ्या कानांनी ऐकावा लागतो.

२००४ चा ‘नाटफॉड’ तापिओ विल्स्का यांनी गायला. त्यातील ‘ट्रोलहामारेन’ हे बँडचे सर्वांत गाजलेले गाणे ठरले; तरीही २००६ मध्ये विल्स्का यांना काढण्यात आले आणि माथियास ‘व्रेथ’ लिलमॉन्स आले. तीन गायक होऊनही बँडची ओळख टिकली, याचे कारण मला पडद्यामागे दिसते: गाणे सुटल्यावरही काटला शब्द लिहीत राहिले, आणि दौरे थांबवूनही ट्रोलहॉर्न चाली रचत राहिले.

२०१३ च्या ‘ब्लूडस्वेप्त’नंतर पुढचा आल्बम, ‘व्रेडेसवेव्द’, यायला सात वर्षे लागली. नव्या श्रोत्याने मात्र ‘नाटफॉड’पासूनच सुरुवात करावी, आणि मग मागे २००१ च्या ‘याक्टेन्स टीद’कडे जावे.