जुन्या लिव्हरचा रिपोर्ट कुठंय?

मागचे सगळे पुढं या, जागा आहे. विषय दिलाय ट्रान्सप्लांटनंतर लिव्हरचा कॅन्सर परत येऊ नये म्हणून काय करायचं. त्याकडे येतोच, पण आधी एक गोष्ट सांगू द्या, कित्येक वर्षं मनात आहे.

एक काका आले, दुसऱ्या शहरात ट्रान्सप्लांट होऊन चौदा महिने झालेले. पाठ दुखते म्हणून घरच्यांनी महिनाभर तेल चोळलं. काकूंनी पिशवीतून फाइल काढली, केवढी जाड, डायट चार्ट, इन्शुरन्सची पत्रं, पार्किंगच्या पावत्यासुद्धा (तुमच्यापैकी कुणाच्या पिशवीत आहेत, हात वर करा... बघा, निम्मा हॉल!). नव्हता तो फक्त काढलेल्या जुन्या लिव्हरचा बायोप्सी रिपोर्ट. काकू म्हणाल्या, "डॉक्टर, ते लिव्हर तर गेलं ना, आता त्याचं काय?" मग हॉस्पिटलला फोन, मेल, परत फोन, रेकॉर्ड रूमवाले म्हणतात अर्ज करा, अर्ज केला तर म्हणतात पेशंटलाच पाठवा, अहो तो माणूस उठून बसू शकत नव्हता! अठरा दिवस गेले. रिपोर्टात एक ओळ होती, बारीक रक्तवाहिन्यांत कॅन्सरच्या पेशी दिसल्या. चौदा महिने ती ओळ काका-काकूंना कुणी सांगितलीच नव्हती. काकांच्या मणक्यात गाठ निघाली. मला अजून राग येतो.

ट्रान्सप्लांटला घेताना मिलान निकष लावतात, 1996 पासूनचे, एकच गाठ 5 सेंमीपर्यंत किंवा तीन गाठी प्रत्येकी 3 सेंमीपर्यंत. पण हे स्कॅनवरून ठरतं, आणि स्कॅनला जे दिसत नाही ते मायक्रोस्कोपखाली दिसतं. लिव्हर काढायच्या आधीच काही पेशी रक्तात निसटलेल्या असू शकतात, म्हणून तर नवं लिव्हर चांगलं असूनही गाठ फुफ्फुसात, हाडात निघते.

पाच मिनिटं राहिली म्हणून चिठ्ठी आलीय, तर भराभर सांगतो. ऑपरेशनच्या वेळचा एएफपी (रक्तात तपासतात तो, लिव्हरच्या कॅन्सरमध्ये वाढू शकणारा घटक), त्या वाहिन्यांची ओळ आणि काढलेल्या लिव्हरमधल्या जिवंत गाठींचा आकार-संख्या, यावरून रिट्रीट नावाचा स्कोअर काढतात. शून्य आला तर पाच वर्षांत परत येण्याचा धोका 3 टक्क्यांहून कमी, पाच किंवा जास्त आला तर 75 टक्क्यांच्या वर. दोघांना एकच फॉलोअप कसा चालेल? बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांतच परत येतो, म्हणून तेव्हा एएफपी, पोटाचा आणि छातीचाही सीटी, तारीख चुकवू नका. टॅक्रोलिमस, म्हणजे शरीरानं नवं लिव्हर नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, तिची रक्तातली लेव्हल गरजेपेक्षा जास्त नको, पण स्वतःहून गोळी कमी केलीत तर रिजेक्शन होऊ शकतं, म्हणजे शरीर नवं लिव्हर नाकारेल, ते डॉक्टरच ठरवणार. सिरोलिमस या त्याच कामाच्या दुसऱ्या गोळीबद्दल सगळे विचारतात, तिनं कॅन्सर परत येणं टळतं का, 525 पेशंटांच्या अभ्यासात पहिली काही वर्षं थोडा फायदा दिसला, पुढं टिकला नाही. हिपॅटायटिस बी असेल तर त्याची गोळी एक दिवसही सोडायची नाही. दारू नाही, तंबाखू नाही.

आणि डिस्चार्जच्या वेळी तो रिपोर्ट मागून घ्या, तयार नसेल तर कधी मिळेल ते लिहून घ्या, वाचून दाखवा म्हणा.

आता प्रश्न. निळ्या शर्टातले काका, आधी ती फाइल इकडं द्या बघू.